तीन एकर, तीन वर्षं आणि सेंद्रियची फाइल

परंपरागत कृषी विकास योजनेचा तिसरा, म्हणजे शेवटचा हप्ता सप्टेंबर २०२५ मध्ये खात्यावर पडला आणि आमची फाइल एकदाची मिटली. पाहुण्यांतल्या आणि आसपासच्या वाड्यांतल्या बऱ्याच जणींनी मधल्या काळात विचारलं होतं, “ते सेंद्रियचं अनुदान खरंच मिळतं का गं, का नुसत्या सह्या घेतात?” मिळतं. पण किती, कधी आणि कशावर, हे फोनवर सांगताना निम्मं राहून जातं. म्हणून क्रमाने लिहिते आहे.

जमीन आमची १ हेक्टर २० आर, म्हणजे तीन एकर. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडचा कमी पावसाचा पट्टा. एकरभर विहिरीखाली, बाकी जिरायत. खरिपात सोयाबीन, घेवडा, थोडी बाजरी; रब्बीत शाळू, हरभरा आणि विहिरीने साथ दिली तर गहू. गोठ्यात एक खिलार गाय, एक जर्सी. हे साताऱ्याला नोकरीला, शनिवारी रात्री येतात. त्यामुळे रोजचं शेत माझ्याकडे आणि सासऱ्यांकडे. त्यांना मी मामा म्हणते, पुढेही तेच नाव येईल.

मे २०२२ मध्ये कृषी सहायक ताईंनी मारुतीच्या देवळात बैठक घेतली. (या पदाला आता सहायक कृषी अधिकारी म्हणतात, गावात मात्र अजून ‘कृषीच्या ताई’च.) बरोबर ‘आत्मा’चे, म्हणजे कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेचे, तालुक्याचे तंत्रज्ञान व्यवस्थापक होते. आपल्याकडे ही योजना आत्मामार्फत चालते. योजना केंद्राची, २०१५-१६ पासूनची. खर्चात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. एकट्याला अर्ज करता येत नाही, लागून असलेल्या शेतकऱ्यांचा २० हेक्टरचा गट लागतो. एका शेतकऱ्याचं जास्तीत जास्त २ हेक्टर क्षेत्र धरतात. तीन वर्षं रासायनिक खत, औषध, तणनाशक काही नाही, आणि त्याबदल्यात हेक्टरी रक्कम.

इथेच पहिला घोळ, आणि तो आजही प्रत्येक गावात होतो. योजनेच्या आधीच्या रचनेत तीन वर्षांचे हेक्टरी ५०,००० होते आणि त्यातले ३१,००० थेट शेतकऱ्याच्या खात्यावर यायचे: पहिल्या वर्षी १२,०००, दुसऱ्या वर्षी १०,०००, तिसऱ्या वर्षी ९,०००. २०२२-२३ पासूनच्या नव्या रचनेत तीन वर्षांची सगळी मिळून तरतूदच ३१,५०० झाली. त्यातले थेट शेतकऱ्याला १५,०००. उरलेले प्रमाणीकरण, तपासणी, प्रशिक्षण, पॅकिंग आणि विक्रीसाठी. लोकांच्या डोक्यात ‘एकतीस हजार’ हा आकडा आधीपासून बसलेला, कागदावरही एकतीसच दिसतात, मग कोण कशाला खोलात जातंय? नंतर जेव्हा हप्ता हातात आला तेव्हा “मधले कुणी खाल्ले?” म्हणून भांडणं झाली. कुणी खाल्ले नव्हते. गटात जाणार असाल तर सही करण्याआधी एवढंच विचारा: हेक्टरी माझ्या खात्यावर किती, आणि किती वर्षांत?

आमचा हिशेब मामांनी देवळाच्या पायरीवरच मांडला. हेक्टरी १५,००० म्हणजे एकरी ६,०००, वर्षाला एकरी २,०००. “एवढ्यात मजूर लावून एक खुरपणी व्हायची नाही,” ते म्हणाले. बरोबरच होतं. तरी आम्ही गेलो, कारण आमच्या रानात माती नुसती धुळीसारखी उडायला लागली होती आणि दोन वर्षांपासून अर्ध्या एकरावर मी जीवामृत (शेण-गोमूत्राचं घरचं द्रावण) वापरून बघतच होते. जे करायचंच आहे त्याला थोडा हातभार, एवढीच अपेक्षा ठेवून नाव दिलं. ज्यांनी पैशाकडे बघून नाव दिलं ते पहिल्याच हंगामात गळाले, आणि मी त्यांना दोषही देत नाही.

मग कागद. सातबारा आणि आठ-अ, दोन्ही डिजिटल सहीचे, ऑनलाइन प्रत्येकी १५ रुपयांत मिळतात. तलाठ्याला शोधत बसायची गरज नाही. आधार, पासबुकाची झेरॉक्स, फोटो. आमच्या सातबाऱ्यावर माझं नाव लक्ष्मी मुक्ती योजनेतून ह्यांच्याबरोबर आधीच लागलेलं होतं, म्हणून मी स्वतःच्या नावाने गटात येऊ शकले. ज्या बायका शेत बघतात पण सातबाऱ्यावर नाहीत, त्यांना नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावाने अर्ज करावा लागला, आणि पुढे प्रत्येक बैठकीला सही कुणाची हा प्रश्न आला. नवरा-बायकोचं नाव एकत्र लावून घ्यायला विशेष खर्च नाही. ते काम आधी उरकून घ्या. सातबारा सामाईक असेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र लागतं. आमच्या गटातल्या एकांचे भाऊ मुंबईला, चिंचपोकळीत. ते गणपतीला गावी येईपर्यंत त्यांचा कागद अडला आणि त्यांची सुरुवातीची तारीख बाकीच्यांपेक्षा मागे गेली.

जूनमध्ये गटाची बैठक, ठराव, अध्यक्ष-सचिव, गटाचं बँक खातं, शिक्का. मग पीजीएसचे अर्ज. पीजीएस ही सहभागी हमी पद्धत: बाहेरची कंपनी येऊन प्रमाणपत्र देत नाही, गटातले शेतकरीच एकमेकांची शेतं तपासतात आणि त्यांच्या शिफारशीवर प्रादेशिक परिषद मंजुरी देते. प्रत्येकाने शपथपत्र भरायचं, शेताचा नकाशा काढायचा, मागच्या वर्षांत कुठल्या गट नंबरात काय पेरलं, काय टाकलं ते लिहायचं. हंगामी पिकांसाठी रूपांतरणाचा काळ २४ महिने, फळबागेसारख्या बहुवार्षिक पिकांसाठी ३६. तोवर ‘पीजीएस-ग्रीन’, त्यानंतर ‘पीजीएस-ऑरगॅनिक’. आणखी एक अट लोक ऐकून सोडून देतात: एक तुकडा सेंद्रिय आणि दुसऱ्यावर युरिया, असं चालत नाही. सगळी जमीन आणि गोठाही त्यात आणावा लागतो. दोन-तीन बागायतदारांनी हे ऐकूनच हात जोडले.

दोन मोठ्या वह्या त्याच आठवड्यात आणल्या. एक रोजची शेतडायरी, दुसरी बिलं चिकटवायची. सल्ला द्यायचा तर हाच पहिला देईन. तारीख, गट नंबर, काम, काय टाकलं, किती टाकलं, कुणी टाकलं. त्या दिवशीच लिहा, रात्री जेवणाआधी. शेवटी तुमच्याकडे दाखवायला ही वहीच असते. मातीत काय बदललं ते डोळ्यांना दिसतं, पण ते फाइलला लावता येत नाही.

बियाण्याची अडचण लगेच आली. बाजारातलं सोयाबीन बहुतेक रासायनिक औषध चोळलेलं, ते चालत नाही. घरचं बी वापरायचं ठरलं. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, सातव्या-आठव्या दिवशी मोजायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर नेहमीचं प्रमाण, कमी असतील तर बी वाढवायचं. पेरणीआधी रायझोबियम आणि पीएसबी ही जिवाणू खतं चोळून सावलीत सुकवलं. फवारणीचा पंपही वेगळा लागतो, तणनाशकाला वापरलेला पंप धुऊन घेतला तरी नियमात बसत नाही. बॅटरीवरचा नवा पंप घेतला, तीन हजारांच्या आत.

कडेची पट्टी हा वेगळा विषय. आमच्या पश्चिमेला गटाबाहेरचे एक शेतकरी कांदा करतात, आणि कांदा म्हटलं की आठवड्याला फवारणी. वारा तिकडूनच. बांधालगत तुरीचे आणि उंच ज्वारीचे दाट तास घेतले, आतली काही फूट पट्टी सोडली. त्या पट्टीचा माल वेगळा काढायचा, वेगळ्या पोत्यात भरायचा आणि सेंद्रिय म्हणून विकायचा नाही. मी त्या शेजाऱ्यांच्या घरी जाऊन सांगून आले, “दादा, फवारायच्या आदल्या दिवशी फक्त एक मिस्ड कॉल द्या.” ते हसले, पण तीन वर्षं न चुकता देत आले. नियमावलीत हा उपाय नाही, पण सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

आता बिलांचं सांगते, कारण आमचा सगळ्यात जास्त जीव तिथे गेला. अनुदान निविष्ठांसाठी (बी, खत, औषधं), म्हणजे खर्च केला त्याचा पुरावा हवा. गांडूळखताचा बेड, निंबोळी पेंड, ट्रायकोडर्मा, कामगंध सापळे, तागाचं बी, यांची परवानाधारक दुकानातली जीएसटीची पक्की बिलं मिळतात. पण आम्ही मुख्यतः वापरलं काय? दोनशे लिटरच्या ड्रमात दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. याचं बिल कोण देणार, गाय? गूळ-बेसनाचं बिल मी वाण्याकडून मागितलं तर तो म्हणाला, “वहिनी, लाडू करताय का काय एवढ्याचे?” विकतचं सेंद्रिय खत आणणाऱ्याचा कागद भरभक्कम, आणि गोठ्यातून सगळं भागवणाऱ्याचा कागद कोरा. योजना ज्याला प्रोत्साहन द्यायचं म्हणते त्यालाच दाखवायला काही नाही, अशी गंमत.

तोडगा तंत्रज्ञान व्यवस्थापकांनीच सुचवला. ड्रम भरताना, ढवळताना, शेतात देताना ठिकाण आणि तारीख उमटणारे फोटो काढायचे, डायरीत तीच तारीख, आणि गटाच्या महिन्याच्या बैठकीत त्याची नोंद. आमच्या बाबतीत ते ग्राह्य धरलं गेलं. तुमच्याकडे काय चालतं ते आधी विचारा, पण फोटो मात्र पहिल्या दिवसापासून काढा. फोनमध्ये एक वेगळा फोल्डर करा, नाहीतर ऐनवेळी वाढदिवसाच्या फोटोंतून ड्रम शोधत बसावं लागतं. ठिकाण दाखवणारं ॲप शेतातच सुरू करायचं, घरी येऊन जुना फोटो टाकला तर ते घराचं ठिकाण दाखवतं.

पहिला खरीप जड गेला. एरवी एकरी नऊ क्विंटलपर्यंत जाणारं सोयाबीन सहावर आलं. खोडमाशी, चक्रीभुंगा, आणि त्याहून जास्त म्हणजे तण. निंबोळी अर्काने रसशोषक किडी आटोक्यात राहिल्या, तणाला मात्र खुरप्याशिवाय औषध नाही आणि बाया मिळत नाहीत. तीन क्विंटलची घट, पाच हजारांच्या आसपासचा भाव, म्हणजे एकरी पंधरा हजार गेले. डीएपीची १,३५० ची गोणी, युरिया, तणनाशक, औषधं, फवारणीची मजुरी हे वाचलं ते साधारण पाच-सहा हजार. उरलेल्या खड्ड्यात सरकारचे एकरी दोन हजार. मी हे मुद्दाम आकड्यांत लिहिते आहे, कारण प्रशिक्षणात दाखवलेल्या चित्रफितींत पहिल्याच वर्षी उत्पन्न दुप्पट झालेलं होतं. घेवड्याला तेवढा फटका बसला नाही, आणि शाळूला तर काहीच फरक पडला नाही. त्याला आधीही आम्ही फार काही टाकत नव्हतो.

आणि एक गोष्ट तेव्हा डाचत राहिली, अजूनही डाचते. ४५ किलोची युरियाची गोणी दुकानात २६६ रुपये ५० पैशांना मिळते, कारण तिच्या खऱ्या किमतीचा मोठा भाग सरकार भरतं. ती गोणी घ्यायला ना गट लागतो, ना शपथपत्र, ना फोटो. न वापरणाऱ्याला मात्र तीन वर्षांची फाइल.

पहिला हप्ता मार्च २०२३ मध्ये आला, सहा हजार. म्हणजे गटातल्या बहुतेकांना आला, मला नाही. पोर्टलवर ‘रक्कम जमा’ दिसत होतं आणि माझ्या पासबुकात काही नव्हतं. ताईंनी विचारलं, “तुमचं आधार कुठल्या बँकेला मॅप आहे?” मी म्हटलं, पासबुक दिलंय त्याच. तसं नसतं. थेट लाभाचे पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यावर जात नाहीत, आधारशी सगळ्यात शेवटी जोडल्या गेलेल्या खात्यावर जातात. मोबाइलच्या दुकानात सिमकार्ड घेताना अंगठा दिला होता, तेव्हा एक खातं आपोआप उघडलं गेलं होतं. पैसे तिथे सुखरूप पडून होते. ते काढून घेतले, मग आपल्या बँकेत आधार सीडिंगचा फॉर्म भरला. बँकेतला माणूस म्हणाला, “आधार लिंक आहे की.” लिंक असणं वेगळं आणि एनपीसीआयच्या (थेट लाभाचे पैसे बँकांत वळवणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत त्या बँकेचं नाव असणं वेगळं, ‘सीडिंग करायचं आहे’ हाच शब्द वापरा आणि फॉर्मची पोच घ्या. तुमचं कुठे मॅप आहे ते आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये ओटीपी टाकून घरबसल्या दिसतं. कुठल्याही योजनेत नाव देण्याआधी हे बघा.

२०२३ चा पावसाळा आठवायला नको वाटतो. ऑगस्ट कोरडा गेला. देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला तो सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. सोयाबीन शेंगा भरायच्या आधी वाळलं, एकरी चार क्विंटल. विहीर दिवाळीलाच तळाला. विहिरीखालच्या तुकड्यात पहिल्या पावसावर ताग पेरून फुलोऱ्याआधी गाडला होता आणि वर पाचट अंथरलं होतं. त्या तुकड्यातला हरभरा एका पाण्यावर निघाला. हे जीवामृतामुळे झालं की पाचटामुळे, मला सांगता येणार नाही. मामांचं मत पाचट.

त्याच वर्षी तणनाशकाचं प्रकरण झालं. पीजीएसमध्ये हंगामात सहकारी तपासणी असते: गटातले किमान तीन जण एका शेतकऱ्याचं शेत, गोठा, खोली, डायरी बघतात आणि तक्ता भरतात. तू माझं तपास, मी तुझं तपासतो, अशी जोडी चालत नाही. रब्बीच्या तपासणीत मी आणि आणखी दोघं आमच्याच भावकीतल्या एका काकांच्या रानात गेलो. शाळू चांगला होता. पण ओढ्याकडचा बांध एका सरळ रेषेत पिवळा पडलेला. गवत दुष्काळाने वाळतं तेव्हा ते असं वाळत नाही, सगळ्यांनाच कळलं. कुणी बोललं नाही. काकांनीच सांगितलं, “पोरानं मारलंय, मी साताऱ्याला दवाखान्यात होतो.”

आता तक्त्यात काय लिहायचं? या काकांनी माझ्या लग्नात वरातीची बैलगाडी हाकली होती. आमच्यातला एक जण म्हणाला, बांधावर मारलंय, पिकावर नाही, सोडून द्या. दुसरे म्हणाले, आपण सोडलं आणि उद्या त्यांच्या पोत्यातला नमुना प्रयोगशाळेत लागला तर वीसच्या वीस हेक्टरवर संशय येईल. मी ‘बांधावर तणनाशकाचा वापर आढळला’ असं लिहिलं आणि तिघांनी सह्या केल्या. त्या रात्री घरी मामा माझ्याशी बोलले नाहीत. तक्ता चुकीचा आहे असं त्यांचं म्हणणं नव्हतं. सुनेने भावकीतल्या माणसाविरुद्ध सही केली, हे त्यांना लागलं होतं.

गटाची बैठक लावली. तालुक्याचे साहेब आले, पण बोलले एवढंच की निर्णय तुमचा, आम्ही नोंद करणार. दोन तास गेले. शेवटी ठरलं की काकांना गटातून काढायचं नाही, पण त्यांचा रूपांतरणाचा काळ नव्याने सुरू होईल आणि तोवरचा त्यांचा माल गटाच्या नावाने विकला जाणार नाही. काका उठून गेले. काकी दुसऱ्या दिवशी आल्या, माझ्याकडे दही मागायला, जसं काही झालंच नाही. महिन्याभराने काकाही बैठकीला येऊन बसले. त्यांच्या पोराने मात्र अजून माझ्याशी बोलणं टाकलेलंच आहे.

कुणी विचारलं की पीजीएसमध्ये अवघड काय, तर मी डायरी सांगत नाही, हे सांगते. बाहेरचा तपासनीस येऊन लिहून जातो तेव्हा त्याला परत त्याच विहिरीवर पाणी भरायचं नसतं. आपल्याला असतं. गट करताना पहिल्याच बैठकीत ‘चूक झाली तर काय करायचं’ हे ठरावात लिहून ठेवा, कुणाचंही नाव डोळ्यांसमोर नसताना. आमच्या ठरावात ते नव्हतं, म्हणून सगळं त्या एका माणसाच्या तोंडावर ठरवावं लागलं.

दुसरा हप्ता २०२४ च्या उन्हाळ्यात आला, यावेळी बरोबर खात्यावर. त्या वर्षी पाऊस चांगला होता, सोयाबीन आठ क्विंटलवर गेलं, आणि भाव पडले. हमीभाव ४,८९२, बाजारात त्याच्या खाली. मार्केट यार्डात आमच्या सोयाबीनला सेंद्रिय म्हणून एक रुपया जास्त मिळाला नाही, ढिगात ढीग. त्यामुळे सोयाबीन कमी करून घेवडा, शाळू आणि खपली गहू वाढवला. ही पिकं घरी खाणारे लोक विकत घेतात. ह्यांच्या कंपनीतल्या लोकांपासून सुरुवात झाली, आता पुण्यातली काही कुटुंबं वर्षाचा शाळू आणि घेवडा एकदम सांगून ठेवतात. प्रमाणपत्र बघायला मागितलं असं दोघांनीच. बाकीच्यांना शेत बघायचं होतं, आणि हुरड्याला आले तेव्हा बघून गेले.

पीजीएसचं प्रमाणपत्र देशातल्या विक्रीपुरतं आहे, हे लक्षात ठेवा. निर्यात करायची तर एनपीओपीचं, म्हणजे त्रयस्थ संस्थेचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याचा खर्च वेगळा. पॅकिंग करून दुकानात ठेवायचं असेल तर अन्न सुरक्षेचा परवानाही बघावा लागेल. आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

जून २०२४ ला २४ महिने भरले, तरी ऑरगॅनिकचं प्रमाणपत्र लगेच हातात आलं नाही. आधी त्या खरिपाची तपासणी, मग नमुने. गटातून निवडक शेतांतले धान्याचे नमुने सीलबंद करून कीटकनाशकांच्या अंशांसाठी प्रयोगशाळेत गेले, खर्च योजनेतून. त्यात आमच्या कांद्याकडच्या बाजूचा हरभरा होता. अहवाल यायला महिन्याच्या वर लागला. तेवढ्या दिवसांत मी वाऱ्याची दिशा बघायची सवयच लावून घेतली, जणू आता बघून काही बदलणार होतं. अहवाल स्वच्छ आला. मग नोंदी पोर्टलवर चढवणं, त्यात एका शेतकऱ्याच्या नावातला ‘राव’ आधारवर आहे आणि सातबाऱ्यावर नाही म्हणून थांबणं, असं करत एप्रिल २०२५ मध्ये प्रमाणपत्र मिळालं. ते वर्षभरासाठीच असतं, दरवर्षी नूतनीकरण.

तिसऱ्या हप्त्याआधी नवीन अट आली. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांच्या लाभासाठी ॲग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. सीएससी केंद्रावर आधार, त्याला जोडलेला मोबाइल आणि सातबारा घेऊन जायचं. नोंदणी मोफत आहे. आपले सगळे गट नंबर त्यात आलेत का ते तिथेच बसून तपासा. माझा एक गट नंबर राहिला होता, तो परत जाऊन जोडावा लागला. मामांचा अंगठा मशीन घेत नव्हतं, त्यांचं काम मोबाइलच्या ओटीपीवर झालं. ई-पीक पाहणीही (सातबाऱ्यावर पिकाची मोबाइलवरून नोंद) दर हंगामात स्वतः करा. सातबाऱ्यावर सोयाबीन आणि डायरीत घेवडा असं दिसलं की फाइल तिथेच थांबते.

पैशांचा शेवटचा हिशेब: १ हेक्टर २० आरचे तीन वर्षांत १८,००० आले. गांडूळखताचा बेड, पंप, सापळे, ताग, पेंड आणि झेरॉक्स-प्रवास यांत आमचे साधारण बावीस हजार गेले. उत्पन्नातली घट पहिल्या वर्षी खरोखरची, दुसऱ्या वर्षी दुष्काळाने सगळ्यांचीच झाली, तिसऱ्या वर्षी जवळपास भरून निघाली. घेवडा आणि खपलीला थेट गिऱ्हाईक मिळालं त्यात सगळा फरक पडला. ते मिळालं नसतं तर आम्ही तोट्यात असतो. माती परीक्षण सुरुवातीला केलं होतं आणि आता केलं, सेंद्रिय कर्ब थोडा वर सरकलाय, पण तीन वर्षांत फार मोठा आकडा दिसेल अशी आशा धरू नका. नांगरताना ढेकूळ फुटतं, पूर्वी धूळ उडायची, हे मात्र मामाही कबूल करतात.

आता योजनेचे पैसे संपले, गट राहिला आहे, थोडा बारीक होऊन. नूतनीकरणाला फी नाही, पण नोंदी पोर्टलवर चढवायला माणूस लागतो आणि आधी ते काम योजनेतून व्हायचं. गावातली एक बी.एस्सी. झालेली पोरगी हे करायला तयार आहे. प्रत्येकाने वर्षाला तीनशे रुपये तिला द्यायचे असं ठरलं आहे. रब्बीची तपासणी जानेवारीत आहे. नवीन गट करायच्या विचारात असणाऱ्या कुणाला ती कशी होते हे बघायचं असेल तर खुशाल या. आमच्या डायऱ्या, फोटो, पहिला फसलेला ठराव आणि नंतरचा दुरुस्त केलेला, सगळं दाखवीन. फक्त दुपारी तीननंतर या, सकाळी धारा आणि खुरपणी असते.